फर्स्ट शिफ्टचे मासे

रविवारी सकाळी साडेसातला भैय्यालालनं माशांचा सूर्य सोडवून पिशवीत टाकला, तेव्हा तुळसा आरशासमोर उभी राहून अंबाड्यावर हेल्मेट बसवायची खटपट करत होती. हेल्मेट बसत नव्हतं आणि अंबाडा सोडायला ती तयार नव्हती.

"मासे उपाशी तं नाई राहनार न?" तिनं आरशातूनच विचारलं.

"उपाशी कायले राहतीन? दाना टाकलो न मी. फक्त आज त्यायचा सूर्य मावळनार नाई," भैय्यालाल म्हणाला.

माशांचा सूर्य म्हणजे हाताच्या पंजाएवढी एक काळी डबी. चिखला गावच्या खाणीतून निवृत्त झालेली माणसं काय काय करतात. कोणी सिहोऱ्याकडे धानाच्या बांधीत रमतं, कोणी नातवंडं खेळवतं, कोणी नुसतंच पिंपळाखाली बसून नव्या पोरांना नावं ठेवतं. भैय्यालालनं चार फुटी काचेची पेटी आणली, तीत बारा मासे सोडले, वर एलईडीचे दिवे लावले आणि त्या दिव्यांवर राज्य करायला ही डबी बसवली. डबीत सेलवर चालणारं घड्याळ होतं. घड्याळाप्रमाणे ती दिवे हळूहळू वाढवायची, म्हणजे माशांची सकाळ व्हायची. हळूहळू उतरवायची, म्हणजे संध्याकाळ. मधूनच एखादा ढग यायचा आणि जायचा, आणि दिवस संपला की मंद चांदणं पडायचं. चौतीस वर्षं खाणीच्या लॅम्परूममध्ये काढलेल्या माणसाला याहून जास्त काही नकोच होतं.

लॅम्परूम ही खाणीच्या तोंडाशी असलेली एक खोली. तिला एक खिडकी. खाली उतरणाऱ्या प्रत्येकानं खिडकीत आपला नंबर असलेला पितळी बिल्ला द्यायचा आणि टोपीवर लावायचा दिवा घ्यायचा. वर आलं की दिवा द्यायचा आणि बिल्ला घेऊन घरी जायचं. रात्री एका खुंटीवर दिवा नसला, तर एक माणूस अजून खाली आहे. भैय्यालाल त्या खिडकीच्या आतला माणूस. नंबर पुकारायचा, हात पुढे आला की दिवा द्यायचा, असं त्याचं आयुष्य गेलं. त्यामुळे त्याला माणसं नावानं कमी आणि नंबरानं जास्त ठाऊक. सख्ख्या साळ्याच्या लग्नाहून परत आल्यावर नवरीचं नाव त्याला सांगता आलं नव्हतं, पण सत्त्याण्णव नंबरनं वांग्याची भाजी तिसऱ्यांदा मागून घेतली, हे त्यानं बरोबर सांगितलं होतं.

"साऱ्या कॉलनीचे नंबर तोंडपाठ हायेत तुमचे," तुळसा कधीमधी म्हणायची. "माया कोनता?"

तुळसा कधी खाली उतरलीच नव्हती, तर तिला नंबर कुठून असणार? आणि एकदा अंगात मुरलेली शिस्त काही निवृत्त होत नाही. माशांचा दिवससुद्धा त्यानं खाणीच्या फर्स्ट शिफ्टवर लावला होता. सकाळी सहाला सूर्योदय, दुपारी सव्वा एकला मावळती सुरू, दोनच्या ठोक्याला चांदणं. जगातले सूर्य संध्याकाळी मावळतात, असं त्याची मुलगी दीपमाला सांगून थकली. दोन वाजता सुट्टी झाली की बिचारे आराम तरी करतील, असं त्याचं म्हणणं होतं.

तर हा फर्स्ट शिफ्टचा सूर्य आज विहारात जायचा होता, आणि त्याला कारण तुळसाचं नाटक.

कॉलनीतल्या विहाराच्या वर्धापनदिनाला महिला मंडळाचं नाटक तीन वर्षं पत्रिकेत छापून येत होतं आणि तीन वर्षं होत नव्हतं. नाटक तुळसानं स्वतः रचलेलं. एक दिवस कॉलनीतल्या सगळ्या बायका खाणीत उतरतात आणि पुरुष घरी राहतात, एवढीच त्याची गोष्ट. ते न होण्याचं कारणही एकच, आणि ते कारण दरवर्षी प्रमुख पाहुणे म्हणून मंचावर मधल्या खुर्चीत बसायचं.

जागेश्वरभाऊ मनानं अगदी सोनं. खाणीत मेट होते, म्हणजे पन्नास माणसांची टोळी त्यांनी एका आवाजावर चालवली होती. अडल्यानडल्याला रात्रीबेरात्री धावून जाणारा माणूस, म्हणून त्यांना कोणी काही बोलत नसे. पण माइक हातात आला की ते चौऱ्याहत्तर साली पहिल्यांदा खाली उतरले तिथून सुरुवात करायचे आणि वर यायला त्यांना दोन तास लागायचे. त्यातून ते डोळे मिटून बोलायचे. डोळे उघडले की मुद्दा निसटतो म्हणे. त्यामुळे त्यांना घड्याळ दाखवून उपयोग नव्हता, चिठ्ठी पाठवून उपयोग नव्हता. दोन वाजता भात उतरायचा, पंगत बसायची आणि पत्रिकेत जेवणानंतर लिहिलेला सांस्कृतिक कार्यक्रम लिहिलेलाच राहायचा. भात खाल्ल्यावर परत येऊन कोण बसतं? पहिल्या वर्षी शेजारची कुंताबाई पुरुषाचं काम करायला मिशी लावून तयार बसली होती. शेवटी त्याच मिशीनं तिनं पंगतीत वरण वाढलं.

यंदा कार्यक्रमाचं सूत्रसंचालन दीपमालाकडे होतं. तिनं नाटक जेवणाआधी घेतलं आणि जागेश्वरभाऊंच्या हातापाया पडून त्यांना वीस मिनिटांवर आणलं. तुळसानं मात्र आठवडाभर आधीच नवऱ्याला सांगून ठेवलं होतं.

"यंदा नाई झालं तं मी पुन्हा बसवनार नाई. या हेल्मेटात कोंबड्यायले पानी ठेवीन."

ती हसतच म्हणाली होती, पण भैय्यालालला ते लागलं. तीन हिवाळे त्यानं तिला भाकरी थापता थापता संवाद पाठ करताना ऐकलं होतं. तीन वेळा तिला पदरानं काजळ पुसून पंगतीत वाढायला जाताना पाहिलं होतं. आपल्याकडून होईल तेवढं यंदा करायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

त्याच्याकडून होण्यासारखं काम होतं ते दिव्यांचं. नाटकातला खाणीचा प्रवेश अंधारात व्हायचा होता. भर दुपारी अंधार पाहिजे म्हणून विहाराच्या सभागृहाच्या सगळ्या खिडक्यांवर ताडपत्री बांधली. पण वरच्या दिव्यांचं काय करायचं? छतावर नऊ चौकोनी एलईडी होते. दिवाळीनंतर कॉलनीतल्या कैलाशनं ते नागपुरातल्या कुठल्या तरी मोडून काढलेल्या ऑफिसातून स्वस्तात आणून लावले होते. प्रत्येक दिव्यामागे ड्रायव्हर नावाची एक पांढरी पेटी आणि प्रत्येक पेटीतून निघालेल्या दोन बारीक वायरी, एक जांभळी आणि एक करडी. त्या कशासाठी आहेत हे कैलाशला कळलं नाही, म्हणून त्यानं त्यांना टेप गुंडाळून आत कोंबलं होतं. तेव्हापासून नऊही दिवे असे फुल जोरात जळायचे की वंदनेला बसलेली माणसं डोळे मिटायची ती श्रद्धेनं की उजेडानं, हे सांगता येत नव्हतं. मध्यंतरी कैलाशनं पंख्याचा रेग्युलेटर लावून उजेड कमी करून पाहिला. त्यानं दिवे थंडी भरल्यासारखे थरथरायला लागले आणि दोन म्हाताऱ्यांना गरगरलं.

भैय्यालालनं मात्र त्या वायरी पाहिल्याबरोबर ओळखल्या. त्याच्या माशांच्या दिव्यालाही अश्शाच होत्या. उजेड कमी करायचा हुकूम त्यांच्यातूनच जातो. शनिवारी तो कैलाशला घेऊन शिडीवर चढला. नऊ ड्रायव्हरांच्या नऊ जांभळ्या वायरी एकीत जोडल्या, नऊ करड्या एकीत जोडल्या आणि दोन वायरी खाली आणून माशांच्या डबीत खोचल्या. बटण दाबलं तर आठ दिवे शहाण्यासारखे उतरले आणि मंचावरचा नववा तसाच डोळे वटारून राहिला. त्याची जांभळी करडीत गेली होती. ती उलटी करून जोडल्यावर नऊच्या नऊ एका हुकमात आले. भैय्यालालनं ते उगाचच पाच वेळा चढवले आणि उतरवले. कैलाश खाली शिडी धरून म्हणाला, काका, लोकं खोळंबले नाहीत, सावकाश होऊ द्या.

वायर आखूड पडली म्हणून डबी मंचाच्या मागच्या पडद्याआड ठेवावी लागली. शनिवारी रात्री तो ती माशांच्या चांदण्यासाठी घरी घेऊन आला आणि रविवारी सकाळी पुन्हा नेऊन जोडली. घड्याळानं लुडबूड करू नये म्हणून ती त्यानं हाताच्या बटणावर लावून ठेवली. नाटकाच्या वेळी आपण पडद्यामागे बसायचं आणि तुळसानं मान हलवली की उजेड उतरवायचा, एवढंच काम. मग पडद्याच्या दोन्ही बाजूंना कुंताबाईनं खाण दाखवण्यासाठी पोत्यांची थप्पी लावली आणि डबीकडे जायला मंचावरची सोडून दुसरी वाट उरली नाही. तेव्हा हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

अकराचा कार्यक्रम पावणेबाराला सुरू झाला. वंदना झाली, हार झाले, स्वागतगीत झालं. बारा वीसला जागेश्वरभाऊ उठले, "जय भीम" म्हणाले, त्यांनी डोळे मिटले आणि ते चौऱ्याहत्तर साली खाली उतरले. वीस मिनिटं झाली तेव्हा शहात्तर साल उजाडलं होतं. दीपमालानं खाकरून पाहिलं. तुळसा मंचाच्या बाजूला हेल्मेट घालून सहा बायकांसह उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं घड्याळाकडे.

एक वाजून तीन मिनिटांनी वीज गेली.

ताडपत्र्यांमुळे सभागृहात मिट्ट काळोख झाला. दुसरं कुठलं गाव असतं तर ओरडा झाला असता, मोबाइल निघाले असते. पण इथे पुढच्या पाच रांगा खाणीतल्या माणसांच्या होत्या, आणि खाली अचानक अंधार झाला तर जागचं हलायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. सगळे मांडीवर हात ठेवून गप्प बसून राहिले. जागेश्वरभाऊंना तर वीज गेल्याचं कळलंच नाही. त्यांचे डोळे मिटलेलेच होते आणि टोळी चालवलेल्या गळ्याला माइकची गरज नव्हती. दोन मिनिटांनी वीज आली, नऊ दिवे लागले आणि भैय्यालालनं सुटकेचा श्वास सोडला.

तो सोडतो न सोडतो तोच छतावरून एक ढग गेला.

उजेड किंचित मंदावला, पाचसहा सेकंद तसाच राहिला आणि परत आला. लोकांनी वर पाहिलं. भैय्यालालनं मात्र पडद्याकडे पाहिलं. हाताच्या बटणावर ढग येत नाही. ढग घड्याळ आणतं. वीज जाऊन आल्यावर डबी त्याचा हुकूम विसरली होती आणि आपल्या नेहमीच्या ड्यूटीवर रुजू झाली होती. त्यानं मनगटावर पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं. म्हणजे दहा मिनिटांनी विहारात सूर्य मावळायला लागणार होता.

तो वाकून, चोरपावलांनी मंचावर चढला. पाहुण्यांच्या खुर्च्यांमागून पडद्याशी पोचायचं, हात घालायचा आणि बटण दाबायचं. जागेश्वरभाऊंच्या मागे आला तेव्हा त्यांना कोणाची तरी चाहूल लागली. बोलणं न थांबवता, डोळे न उघडता त्यांनी हात मागे केला.

"पानी दे बा."

आता प्रमुख पाहुण्यांनी भरसभेत पाणी मागितल्यावर नाही कसं म्हणणार? भैय्यालाल खाली उतरला. मंचावरचा तांब्या रिकामा, पाण्याचा ड्रम बाहेर आचाऱ्याजवळ, ड्रमजवळ पोरांची रांग. तो पेला घेऊन परत आला तेव्हा सव्वा एक उलटून गेला होता आणि उजेड उतरणीला लागला होता. जागेश्वरभाऊंनी पाणी निवांत प्यायलं, पेला परत दिला आणि एकोणऐंशी सालचा एक प्रसंग सांगण्यासाठी दोन्ही हात पसरले. त्या हातांतून पलीकडे जायला जागा राहिली नाही.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतला बासष्ट नंबर उठला.

यात बासष्टचा काही दोष नव्हता. त्याच्या काळी दिवे बॅटरीचे होते. शिफ्ट संपत आली की दिवा हळूहळू मंद व्हायचा. घड्याळ कोणाकडे नसे. दिवा उतरला की हत्यार खाली ठेवायचं, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि भिंतीच्या कडेकडेनं एका रांगेत वर निघायचं. उलट दिवा चांगला जळतोय तोवर कोणी वर यायचं नाही, हेही तितकंच पक्कं. "दिवा हाय तोवर शिफ्ट हाय" हे तर जागेश्वरभाऊंचं स्वतःचं वाक्य, आणि लवकर निघणाऱ्या कितीतरी जणांना त्यांनी याच वाक्यानं परत पाठवलं होतं. आता नवे दिवे आले आहेत, ते शेवटपर्यंत तसेच जळतात. पण सभागृहातली बहुतेक माणसं जुन्या दिव्यांवर वाढलेली. डोक्यावरचा उजेड उतरायला लागला आणि त्यांचे पाय आपोआप उठले. बासष्टनं त्रेसष्टच्या खांद्यावर हात ठेवला, त्रेसष्टनं सत्तरच्या. भिंतीच्या कडेनं रांग लागली. ना गडबड, ना आवाज. पुरुष उठले म्हणून बायका उठल्या, बायका उठल्या म्हणून पोरं उठली. सातआठ मिनिटांत सभागृह रिकामं झालं.

जागेश्वरभाऊ तेव्हा ब्याऐंशी सालात होते.

तुळसानं बाजूनं डोकावून पाहिलं. मंचावर माणूस होता, समोर कोणी नव्हतं. अगदी उलटं व्हायला पाहिजे होतं. ती मागच्या दारानं धावत बाहेर आली. अंगणात चाळीसपन्नास माणसं उन्हात डोळे मिचकावत उभी होती आणि एकमेकांची तोंडं पाहत होती.

"काहून उठलो गा आपन?" त्रेसष्टनं विचारलं.

"मले का मालूम," बासष्ट म्हणाला. "बस, उठलो."

एवढी गर्दी बाहेर आलेली पाहून आचाऱ्यानं साहजिकच कार्यक्रम संपला असं समजून भाताच्या गंजावरचं झाकण काढलं. वाफ अंगणभर पसरली. त्यानं पत्रावळींचा गठ्ठा सोडला आणि पहिली पत्रावळ खाली मांडली. माणसं त्या दिशेनं हळूहळू सरकायला लागली. ती एकदा बसली की गेलं चौथंही वर्ष.

भैय्यालाल बाहेर आला तो बोलणी खायच्या तयारीनं. तुळसा पायरीवर उभी राहून हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा सोडत होती. पट्टा नवा होता, सुटत नव्हता, आणि ती खाली मान घालून तो ओढत होती. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. हे मात्र त्याच्याच्यानं पाहवेना.

तो वळला आणि सभागृहाच्या दारात जाऊन उभा राहिला. दाराची एक फळी लावलेली होती, एक उघडी. शेजारी टेबलावर वंदनेच्या मेणबत्त्यांचं खोकं होतं. तीन वर्षांत न वापरलेला आवाज त्यानं छातीतून काढला आणि पुकारलं, "अकरा."

पत्रावळीवर बसायला वाकलेला एक म्हातारा ताठ उभा राहिला. इकडेतिकडे न पाहता दाराशी आला आणि त्यानं हात पुढे केला. हात पुढे आल्यावर त्यात काहीतरी द्यावंच लागतं. भैय्यालालनं खोक्यातली मेणबत्ती उचलून त्याच्या हातात ठेवली. अकरा नंबरनं ती पाहिली, मुठीत धरली आणि आत गेला.

"चौदा. एकोनतीस. बासष्ट. त्रेसष्ट."

माणसं येत गेली. हात पुढे, मेणबत्ती, आत. ज्यांना नंबर नव्हते ती बायकापोरं आपापल्या नंबरामागून आत गेली. नव्या पोरांचे नंबर भैय्यालालला सगळे आठवत होते, तेही त्यानं पुकारले आणि तेही मुकाट आले. आचारी हातात झारा धरून बघत राहिला. त्याच्याकडे नंबर नव्हता. कैलाशनं त्याला भातावर झाकण ठेवायला सांगितलं.

असं करत करत भैय्यालाल एकशे सोळावर आला आणि सवयीनं पुढचा नंबर पुकारला. "एकशे सतरा."

कोणी आलं नाही. एक नंबर राहिला तर लॅम्परूमवाला पुढे जाऊच शकत नाही. त्यानं पुन्हा पुकारलं, चांगलं मोठ्यानं.

आत माइकवर नव्वद सालची एक दरड कोसळता कोसळता थांबली. मग माइक ठेवल्याचा आवाज आला, मंचाच्या लाकडी पायऱ्यांवर पावलं वाजली आणि अंधारातून जागेश्वरभाऊ दारात आले. डोळे उघडे, हात पुढे. एकतीस वर्षं ते एकशे सतरा होते. भैय्यालालनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मेणबत्ती दिली. ती घेऊन ते वळले आणि पहिल्या रांगेत, आपल्या जुन्या टोळीच्या मधोमध जाऊन बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मंचाकडे आणि मग हातातल्या मेणबत्तीकडे पाहिलं. पण एकदा दिवा घेतलेला माणूस उठून परत जात नाही. दीपमालानं ती संधी सोडली नाही. माइक उचलून तिनं एका दमात पाहुण्यांचे आभार मानले आणि नाटकाचं नाव सांगून टाकलं.

दारात आता एकच हात पुढे होता. हेल्मेट नीट बसवून तुळसा रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली होती. ती थट्टेनंच उभी होती, पण हात मागे घेत नव्हती. भैय्यालाल अडखळला. सगळे नंबर पुकारून झाले होते. एकच राहिला होता. खिडकीच्या आत बसणाऱ्याला कोणी बाहेरून पुकारत नाही म्हणून चौतीस वर्षांत तो कधी कोणी मोठ्यानं म्हटलाच नव्हता.

"बेचाळीस," तो म्हणाला.

"हा तं तुमचा होय न?"

"आज तू जाय खाली. मी हाओ वर."

तुळसानं मेणबत्ती घेतली. जाताना हेल्मेट आणखी एकदा चाचपून बघितलं आणि घाईनं आत गेली.

नाटक सुरू झालं तेव्हा दोनला दहा कमी होते. उजेड उतरत चालला होता आणि दोनच्या ठोक्याला नऊ दिव्यांचं एक पुसट चांदणं तेवढं राहिलं. घरी बारा मासे पूर्ण उजेडात ओव्हरटाइम करत होते. विहारात अकरा नंबरच्या म्हाताऱ्यानं काडी ओढून आपली मेणबत्ती पेटवली, शेजाऱ्यानं तिच्यावर आपली पेटवली आणि बघता बघता सभागृहभर दिवे लागले. जागेश्वरभाऊंनीही आपला लावला. खाण आजवर कोणी अशी पाहिली नव्हती. खाली उतरलेल्या बायका आधी सगळं भुयार झाडून काढतात आणि मगच कामाला हात लावतात, तिथे पुरुष पोट धरून हसले. मिशीवाली कुंताबाई घरी मीठ शोधता शोधता शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोचते, तिथे बायकांना हसू आवरेना. शेवटी शिफ्ट सुटते, सगळ्या वर येतात आणि एक येत नाही. मिशीवाली कुंताबाई दारात दिवा घेऊन उभी राहते आणि पुन्हा पुन्हा मोजते. तेव्हा पुढच्या रांगांतली माणसंही तिच्याबरोबर ओठांत मोजायला लागली. मग हरवलेली तुळसा वर येते आणि म्हणते, मीठ वरच्या फळीवर हाय, दुसऱ्या डब्यात. पुन्हा जो हशा उठला तो बाहेर आचाऱ्यापर्यंत गेला.

टाळ्या थांबेनात. लोकांनी मिठाचा प्रवेश पुन्हा मागितला. बायकांनी तो पुन्हा केला. मग दीपमालानं आईला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि माइक तिच्या हातात दिला.

तुळसानं लोकांकडे पाहिलं. इतके चेहरे, सगळे तिच्याकडे बघत होते. ती थोडी लाजली आणि धीर यावा म्हणून तिनं डोळे मिटले.

ती पहिल्या वर्षापासून बोलायला लागली. नाटक कसं सुचलं, पहिली तालीम कोणाच्या ओसरीवर झाली, मिशी कोणत्या बाजारातून आणली. अडीच वाजले. ती दुसऱ्या वर्षात आली. भैय्यालाल दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता आणि त्याला आयुष्यात इतकं बरं क्वचितच वाटलं होतं. तीन वाजायला आले तेव्हा पहिल्या रांगेतून कोणीतरी वाकत वाकत, हातातली मेणबत्ती सांभाळत दाराशी आलं. जागेश्वरभाऊ होते.

"भैय्यालाल," ते हळूच म्हणाले, "लय लंबवते बा तुयी बायको. पोटात कावळे बोंबलून राहिले. मी निघू का?"

भैय्यालालनं त्यांच्या हातातली मेणबत्ती आपल्या हातात घेतली. खिडकीत परत आलेला दिवा पाहावा तशी ती डोळ्यांसमोर धरली, खालीवर पाहिली आणि त्यांना परत दिली.

"अर्धी बाकी हाय, भाऊ," तो म्हणाला. "दिवा हाय तोवर शिफ्ट हाय."

जागेश्वरभाऊंनी मेणबत्तीकडे पाहिलं, भैय्यालालकडे पाहिलं आणि ते मुकाट्यानं परत जाऊन मांडी घालून बसले.